ताईला काही लागत नाही

आमच्या घरात एक वाक्य इतक्या वेळा बोललं गेलंय की ते पहिल्यांदा कुणी म्हटलं हे आता कुणालाच आठवत नाही. "ताईला काही लागत नाही." दिवाळीच्या साड्या असोत, रेल्वेतली खालची बर्थ असो, नाहीतर डब्यातली शेवटची पुरणपोळी असो. वाटणी सुरू झाली की कुणीतरी हे म्हणतं, ताई मान डोलावते आणि विषय संपतो.

आम्ही तिघी बहिणी इंदूरच्या. ताई, मधली आणि मी. ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. लग्न होऊन ती इंदूरातच राहिली, मधली बडोद्याला गेली आणि मी नोकरीसाठी पुण्याला. ताईच्या सासरी महालक्ष्म्या नसतात, आमच्याकडे असतात. आईचे गुडघे कुरकुरायला लागल्यापासून ते तिन्ही दिवस ताईच ओढते. मुखवटे पुसायचे, साड्या नेसवायच्या, उंबऱ्यापासून आतपर्यंत पावलं काढायची, सोळा भाज्या निवडायच्या. आम्ही दोघी आदल्या दिवशी गाडीने उतरतो. सकाळी जाग येते तेव्हा पुरण शिजत असतं.

आता एका सिनेमाबद्दल सांगते. तो इंग्रजी आहे, अमेरिकन आहे आणि जवळजवळ चाळीस वर्षांपूर्वीचा आहे. त्याचा आणि महालक्ष्म्यांचा काय संबंध, असं वाटेल. मलाही पहिल्यांदा पाहताना वाटला नव्हता.

सिनेमाचं नाव 'हॅना अँड हर सिस्टर्स'. वुडी ॲलनने लिहिलेला आणि दिग्दर्शित केलेला, १९८६चा. न्यूयॉर्कमधल्या तीन बहिणी. थोरली हॅना. ती नटी आहे, संसारी आहे, मुलंबाळं सांभाळून अधूनमधून नाटकात काम करते आणि जे करते ते नीट करते. दुसरी हॉली. नटी व्हायचं म्हणते, पण काही जमत नाही. व्यसनातून गेलेली, सतत पैशांच्या अडचणीत. मग मैत्रिणीबरोबर घरगुती जेवणांच्या ऑर्डरी घेऊ लागते. तिसरी ली. दारूतून सावरलेली, फ्रेडरिक नावाच्या तिच्याहून बऱ्याच मोठ्या चित्रकाराबरोबर राहणारी. या फ्रेडरिकला जगातलं कुणीच आवडत नाही, ली सोडून.

सिनेमाची बांधणी आपल्याला ओळखीची वाटेल अशी आहे. त्यात थँक्सगिव्हिंगची तीन जेवणं आहेत. थँक्सगिव्हिंग म्हणजे नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारी अमेरिकेत सगळं कुटुंब एकत्र जेवतं तो दिवस. पहिल्या जेवणाने गोष्ट सुरू होते, दुसऱ्यात ती वळण घेते, तिसऱ्यात संपते. मधली दोन वर्षं आपण या माणसांच्या मागे शहरभर फिरतो. जेवण दर वेळी हॅनाच्याच घरी असतं.

आणि गोष्टीचा कणा असा, की हॅनाचा नवरा एलियट तिच्या धाकट्या बहिणीच्या, लीच्या, प्रेमात पडतो.

मी हा सिनेमा पहिल्यांदा पुण्यात हॉस्टेलवर पाहिला, विसाव्या वर्षी, चार मैत्रिणींबरोबर एका लॅपटॉपवर. आम्ही हसून हसून बेजार झालो. एलियटचं काम मायकेल केनने केलंय. चाळिशी ओलांडलेला, पैशाअडक्याचे सल्ले देणारा हा गृहस्थ लीला 'योगायोगाने' भेटायचं म्हणून तिच्या घरापाशी पाळत ठेवतो. ती बाहेर पडली की तो दुसऱ्या बाजूने धावत वळसा घालून धापा टाकत तिच्यासमोर येतो आणि "अरे, तू इथे कशी?" असा चेहरा करतो. वुडी ॲलन स्वतः हॅनाच्या पहिल्या नवऱ्याचं, मिकीचं काम करतो. मिकीला कायम आपल्याला काहीतरी भयंकर आजार झाल्यासारखं वाटतं. एका कानाने जरा कमी ऐकू येतं, एवढ्यावरून तो मेंदूत गाठ असल्याची खात्री करून घेतो. तपासणीत काहीच निघत नाही. मग तो जास्तच घाबरतो, कारण आज नाही तर उद्या मरायचं तर आहेच. म्हणून हा ज्यू माणूस कॅथलिक व्हायला निघतो आणि खरेदीच्या पिशवीतून क्रूस, प्रार्थनेचं पुस्तक, पावाची लादी आणि मेयोनीजची बाटली अशा क्रमाने बाहेर काढतो. आम्ही तो प्रसंग तीनदा मागे नेऊन पाहिला होता.

विसाव्या वर्षी मला हॅना फारशी आठवणीत राहिली नाही. मिआ फॅरोने केलेली शांत, गोड, जरा कंटाळवाणी बाई. माझी लाडकी होती हॉली, म्हणजे डायॲन वीस्ट. सगळं बिघडवून ठेवणारी, आणि तरी जिच्यावर रागावता येत नाही अशी. धाकट्या बहिणींना हॉली आवडतेच.

सिनेमाला तीन ऑस्कर मिळाले. केनला आणि वीस्टला सहायक भूमिकांसाठी, वुडी ॲलनला पटकथेसाठी. केन तर पारितोषिक घ्यायला हजरही नव्हता, शार्क माशाच्या 'जॉज' मालिकेतल्या चौथ्या सिनेमाच्या शूटिंगमध्ये अडकला होता. हॅना झालेल्या मिआ फॅरोला मात्र नामांकनसुद्धा मिळालं नाही. हे मला नंतर कळलं आणि नंतरच खटकलं.

आता आमच्या घरची गोष्ट. नावं टाळली आहेत.

तीन वर्षांपूर्वी मधली एका लग्नासाठी भोपाळला गेली होती. हॉटेलात सकाळी नाश्त्याला उतरली तर समोरच्या टेबलावर जिजू. ताईचा नवरा. ते ऑफिसच्या कामाने जबलपूरला गेलेत असं घरी सगळ्यांना माहीत होतं. शेजारी एक बाई होती. मधली मला नंतर म्हणाली, "दुसरं काही पाहायची गरजच पडली नाही. ते उठून गेले आणि तिच्यासाठी बशीत पोहे वाढून घेऊन आले." घरी पाण्याचा पेला स्वतः उठून न घेणारा माणूस.

जिजूंनी तिला पाहिलं. जिन्यात गाठून हात जोडले. मी हे संपवतोय, ताईला सांगू नका, तिला सहन होणार नाही. मधलीने त्याच रात्री मला फोन केला. दोन तास बोललो. आणि आम्ही ठरवलं की सांगायचं नाही.

आमच्याकडे कारणं भरपूर होती. ताईची मुलगी दहावीत होती. आईचं बीपी. जिजूंनी शब्द दिला होता. एकदा मधली म्हणाली, "ताई मोडेल गं." थोड्या वेळाने मीच म्हणाले, "ताई खंबीर आहे, तिचं ती बघेल, आपण मध्ये कशाला पडा." एकाच फोनवर आम्ही दोन्ही बोललो आणि ही दोन वाक्यं एकमेकींत बसत नाहीत हे दोघींच्याही लक्षात आलं नाही.

अकरा महिने गेले. त्यात महालक्ष्म्या आल्या. आम्ही दोघी नेहमीसारख्या आदल्या दिवशी उतरलो, सकाळी पुरणाच्या वासाने उठलो. पूजेच्या दिवशी पंगत बसली. ताई वाढत होती. जिजूंच्या पानात तिने पोळी वाढली, वर तुपाची धार धरली आणि ते "बस, बस" म्हणाले तरी आणखी थोडी सोडली. मी मधलीकडे पाहिलं. ती ताटातल्या भाजीत बोटं फिरवत होती. ताई आमच्यापाशी आली आणि म्हणाली, "काय गं, भाजी खारट झालीय का?"

भाजी छान झाली होती.

पुण्याला परतल्यावर एका रात्री झोप येईना म्हणून मी तो सिनेमा परत लावला. हसायला बरं पडेल, असं वाटलं. मधोमध एक प्रसंग आहे, जो मला पहिल्या वेळचा आठवतच नव्हता. तिघी बहिणी एका रेस्टॉरंटमध्ये जेवायला बसल्यात. गोल टेबल. हॉली म्हणते, नाटकांचं काही जमत नाही, आता मी लिहिणार. हॅना व्यवहाराचे प्रश्न विचारते, थोरल्या बहिणी विचारतात तसे. हॉली भडकते. तुझा माझ्यावर विश्वासच नाही वगैरे. या दोघींचं चाललेलं असताना कॅमेरा टेबलाभोवती हळूहळू फिरत राहतो. मध्ये थांबत नाही. फिरता फिरता तो लीवर येतो, आणि लीच्या चेहऱ्यावर सगळं असतं. तिचा हॅनाच्या नवऱ्याशी संबंध सुरू झालेला आहे. समोर तीच हॅना बसलीय आणि धाकटीच्या पैशांची काळजी करतेय. लीचा तोल जातो, डोळे भरून येतात. हॅनाला कळत नाही हिला काय झालं. ती काळजीने विचारते.

भाजी खारट झालीय का?

मी लॅपटॉप बंद केला. उरलेला सिनेमा पाहायला मला दोन आठवडे लागले.

त्या वेळी मी हॅनाकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. आणि एक हिशेब दिसला, जो दोन वर्षांच्या त्या गोष्टीत कुणीच मोठ्याने मांडत नाही. या सिनेमातला प्रत्येक जण हॅनाकडून काहीतरी घेतो. हॉली उसने पैसे घेते. ली नवरा घेते. आईवडील म्हातारपणी भांडतात, आई पिऊन बसते, तेव्हा फोन हॅनालाच जातो आणि ती जाऊन दोघांना शांत करते. मिकीला मूल होणार नाही असं डॉक्टर सांगतात, तेव्हा एका मित्राच्या मदतीने जुळी मुलं होतात ती हॅनाला, आणि पुढे ती वाढवतेही हॅनाच. घटस्फोटानंतर मिकी एकटा पडू नये म्हणून त्याची आणि हॉलीची गाठ घालून देणारीही तीच. एलियटला तर घर, माणसं, ऊब, सगळं तिच्याकडूनच मिळतं. आणि त्याची तक्रार काय? की हिला माझी गरज लागत नाही.

हे मला फार ओळखीचं वाटलं. एकदा का कुणाला काही लागत नाही असं ठरवून टाकलं, की तिच्याकडून घेताना हिशेब ठेवावा लागत नाही. एलियट लबाड आहे, पण तो स्वतःशी खोटं बोलत नाही. त्याला खरंच वाटतं की हॅना पुरती आहे, भरलेली आहे, तिला कशानेच धक्का लागणार नाही. आम्हालाही खरंच तसंच वाटत होतं. आम्ही ताईला सांगितलं नाही, त्याचं खरं कारण दहावी नव्हतं आणि बीपीही नव्हतं. ताई कोसळली तर आईला दवाखान्यात कोण नेणार, महालक्ष्म्या कोण बसवणार आणि आम्ही दोघी कुणाच्या भरवशावर पुण्याला आणि बडोद्याला राहणार, हे ते कारण होतं. ते दोन तासांच्या फोनमध्ये कुणीच बोललं नाही.

सिनेमात एक छोटा प्रसंग आहे. रात्रीची वेळ, हॅना आणि एलियट अंथरुणात. दिवसभरात त्यांची बोलाचाली झालेली असते. अंधारात हॅना हळूच सांगते, की आज फार काळोख वाटतोय, मला हरवल्यासारखं झालंय. बस, एवढंच. एका क्षणात ती थोरली बहीण राहत नाही. एलियट तिला जवळ घेतो. तो तिच्याकडे परत येतो तो तिच्या खंबीरपणामुळे नाही. पण त्यासाठी त्या बाईला काळोख्या रात्रीपर्यंत वाट पाहावी लागते. दिवसाउजेडी तिला कुणीच विचारलेलं नसतं.

आमच्याकडे शेवटी जिजूंनीच ताईला सांगितलं. का, कसं, कधी, हे मी लिहिणार नाही. सांगताना ते हेही बोलून गेले की मधलीला माहीत होतं.

ताईचा मला फोन आला तो कामाच्या दिवशी, भर दुपारी. "तुला पण?" एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्यांचं मी बघेन. पण तुम्ही दोघी माझ्या हातचं जेवत होतात."

त्यानंतर चार महिने ती आमच्याशी कामापुरतं बोलली. आईच्या गोळ्या, गॅसचा नंबर, भाचीचा निकाल. भांडली असती तर सोपं गेलं असतं. मी दोनदा इंदूरला जाऊन आले. पहिल्यांदा तिने जेवायला वाढलं आणि स्वतः गच्चीवर कपडे वाळत घालायला निघून गेली. दुसऱ्यांदा मी रडले, तर तिने मला पाणी आणून दिलं. पुन्हा तीच देणारी, मी घेणारी.

परत आले आणि तिला मेसेज केला. माफी लिहायचा प्रयत्न करत होते, जमेना. म्हणून सिनेमाचं नाव लिहिलं आणि खाली लिहिलं, "पाहू नकोस असंही वाटतं, पण पाहावास असंही वाटतं." तिने निळ्या खुणा येऊ दिल्या, उत्तर दिलं नाही.

तीन आठवड्यांनी, एका रविवारी रात्री साडेदहाला तिचा फोन. "पाहिला तुझा सिनेमा." मी श्वास रोखून बसले. ताई म्हणाली, "तो मिकी फार गोड आहे. ते मेयोनीज काढतो ना पिशवीतून!" आणि ती हसली. चार महिन्यांनंतर.

मग म्हणाली, "एक सांगू? त्या हॅनाला सगळं माहीत असणार."

मी म्हटलं, "नाही गं ताई, शेवटपर्यंत तिला कळत नाही. हॉली एक नाटुकलं लिहिते, त्यात हॅना आणि एलियटचं खासगी बोलणं येतं, लीकडून ऐकलेलं. हॅना विचारते की तुला हे कसं कळलं. पण तिथेच ते थांबतं."

"तेच म्हणतेय मी. ज्या बाईला घरातल्या प्रत्येकाचं काय दुखतंय ते न सांगता कळतं, तिला हेच तेवढं कळणार नाही? ती पुढचा प्रश्न विचारत नाही. विचारला तर थँक्सगिव्हिंगला जेवायला कुणाला बोलवणार?"

मी सिनेमा तोवर तीनदा पाहिला होता. हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. ताईचं बरोबर आहे की चूक, मला आजही ठरवता येत नाही. पण "तुला माहीत होतं का?" हे तिला विचारायची माझी हिंमत झाली नाही. तिनेही पुढचं काही सांगितलं नाही.

तिला शेवट आवडला नाही. तिसऱ्या थँक्सगिव्हिंगला सगळं गोड झालेलं असतं. लीने कॉलेजातल्या एका प्राध्यापकाशी लग्न केलेलं, एलियटला आपण वेडेपणा केला असं वाटतंय, आणि हॉली आणि मिकीचं लग्न झालेलं. शेवटच्या मिनिटाला हॉली मिकीला एक बातमी देते. ती इथे सांगत नाही, पाहिलात तर तेवढी तुमच्यासाठी राहू दे. ताई म्हणाली, "सगळे मजेत. आणि स्वयंपाक पुन्हा हिच्याच घरी."

त्या नाटुकल्याबद्दल आणखी थोडं सांगायला हवं, कारण त्याचा या लेखाशी संबंध आहे. सिनेमात हॉली बहिणीच्या संसारावरून लिहिते, बहीण दुखावते आणि हॉली ते लिखाण बाजूला ठेवून स्वतःच्या आयुष्यावर दुसरं काही लिहिते. हे सिनेमातलं. सिनेमाबाहेर मिआ फॅरो त्या वेळी वुडी ॲलनची जोडीदार होती. पडद्यावर हॅनाचं घर म्हणून जे दिसतं ते तिचं खरोखरचं घर आहे, तिथे वावरणारी काही मुलं तिची आहेत, आणि हॅनाच्या आईचं काम करणारी मॉरीन ओसलिव्हन ही तिची सख्खी आई. मिआ फॅरोला स्वतःला तीन बहिणी. १९९२मध्ये ही दोघं फार कडवटपणे वेगळी झाली, आणि नंतर तिने आपल्या आठवणींच्या पुस्तकात लिहिलं की पटकथा वाचून तिची आई हादरली होती, आणि त्यामुळे तिच्या लक्षात आलं की त्याने त्यांच्याच आयुष्यातल्या गोष्टी उचलून वेड्यावाकड्या करून वापरल्या आहेत. तरी तिने काम केलं. स्वतःच्या घरात, स्वतःच्या स्वयंपाकघरात उभं राहून.

म्हणजे हॅनाकडून घेणाऱ्यांच्या यादीत सिनेमा काढणाराही आला. आणि आता हा लेख लिहिणारी मीही.

म्हणून छापायला देण्याआधी लेख ताईला पाठवला. चार दिवस उत्तर नाही. पाचव्या दिवशी तिने दोन परिच्छेद काढायला सांगितले. एक जिजूंबद्दल होता. त्या दोघांचं पुढे काय ठरलं, काय चाललंय, ते तिचं आहे, तुमचं नाही, असं तिने लिहिलं. दुसरा तिच्या कौतुकाचा होता. ती किती सोसते, किती मोठ्या मनाची, असं मी बरंच लिहिलं होतं. त्यावर तिचा शेरा होता, "हेच नको." दोन्ही काढले. पोह्यांचं राहू दे म्हणाली. ते तिला भोपाळच्या हॉटेलापेक्षाही जास्त लागलंय, असं मला वाटतं.

हे वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणी माझ्या वयाच्या असाल, घरापासून लांब. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा, बेळगाव, कुठलंही घर असो, तिथे एक ताई असते, कधी वहिनी असते, कधी एखादा दादाही असतो, ज्याच्या भरवशावर बाकीचे लांब जाऊ शकतात. त्यांना सांगायचं की नाही सांगायचं, याचं उत्तर माझ्याकडे तयार नाही. हा सिनेमाही ते देत नाही. मला एवढंच कळलंय, की आम्ही जेव्हा "तिच्यासाठी" गप्प बसलो, तेव्हा तिला काय हवंय हा प्रश्न त्या अकरा महिन्यांत एकदाही आमच्या तोंडी आला नाही.

यंदा भाद्रपदात मी आणि मधली चार दिवस आधी गेलो. आपल्या महालक्ष्म्याही दोन बहिणीच, ज्येष्ठा आणि कनिष्ठा. कोठीवर मुखवटे बसवताना धाकटीचा तोल जात होता आणि ताई नेहमीसारखी धावत आली, तर मधली म्हणाली, "तू बस. पडली तर आम्ही धरू." साडी आम्हाला नीट नेसवता आली नाही, निऱ्या एका बाजूला गेल्या. सोळाच्या जागी तेराच भाज्या जमल्या, बाकीच्या तीन मधलीने कोशिंबिरीत कुठेतरी घातल्याचं सांगितलं. आई दर पाच मिनिटांनी आत डोकावून "ताईला विचारा" म्हणत होती.

ताई बाहेरच्या खोलीत पाय वर घेऊन बसली होती. अवघडून. पाहुण्यांच्या घरी बसावं तशी. मी दारातून विचारलं, "ताई, तुला काही हवंय का?" तिचं तोंड नेहमीच्या वाक्यासाठी उघडलं, मी पाहिलं. मग तिने ते मिटलं. थोडा वेळ विचार केला.

"चहा," ती म्हणाली. "आलं घालून."

मी आत आले, आधण ठेवलं, आलं किसलं. साखरेचा डबा उघडला आणि चमचा हातात घेऊन तशीच उभी राहिले. मधलीकडे पाहिलं. तिनेही खांदे उडवले. इतकी वर्षं तिच्या हातचा चहा पीत आलो, आणि ती स्वतः किती साखर घेते हे आम्हा दोघींनाही माहीत नव्हतं.

"ताई," मी आतूनच हाक मारली, "साखर किती?"